एका वेल्श फुटबॉलपटूचे सेवापुस्तक

आमच्या टेबलावरून रोज पाचपंचवीस सेवापुस्तके जातात. नेमणूक, बढती, बदली, रजा, निवृत्ती अशा ठरलेल्या रकान्यांत एकेका माणसाची तीस-पस्तीस वर्षे बसविलेली असतात. नोंदी बिनचूक असतात, त्यांवर साक्षांकनाच्या सह्या असतात. आणि तरीही पुस्तक मिटताना तो माणूस आपल्याला कळला असे क्वचितच वाटते. गॅरी स्पीड या वेल्श फुटबॉलपटूची कारकीर्द वाचीत असताना आम्हांला वारंवार हाच अनुभव आला. त्याच्या नोंदी विलक्षण नेटक्या आहेत. बावीस वर्षांची नोकरी, पाच क्लब, ६७७ लीग सामने, १०४ गोल. परंतु त्याचे मोठेपण समजून घ्यावयाचे तर या आकड्यांच्या आजूबाजूलाच पाहावे लागते.

प्रथम त्याच्या देशाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. वेल्स हा ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेकडील डोंगराळ, चिमुकला देश. राज्यकारभाराच्या दृष्टीने तो इंग्लंडशी केव्हाच जोडला गेला. पण त्याची भाषा निराळी, गाणी निराळी आणि फुटबॉलचा संघही निराळा. वेल्सची फुटबॉल संघटना १८७६ साली रेक्सम येथे स्थापन झाली आणि त्याच वर्षी वेल्सचा संघ ग्लासगोला जाऊन स्कॉटलंडकडून चार गोलांनी हरून आला. आंतरराष्ट्रीय फुटबॉल त्या काळी नुकताच जन्मला होता; म्हणून वेल्सला स्वतंत्र देशाचे आसन तेव्हाच मिळाले व ते पुढे टिकले. मात्र पोटापाण्याचा फुटबॉल इंग्लंडात. वेल्समधील मोठे क्लबसुद्धा इंग्लिश लीगमध्येच खेळतात. त्यामुळे होतकरू वेल्श मुलाच्या नशिबी साधारणपणे एकच वाट असते: आयुष्यभर इंग्लिश क्लबाची चाकरी करावयाची आणि वर्षातून काही दिवस स्वदेशाचा लाल सदरा अंगावर घालावयाचा. घर सोडून परप्रांतात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांना ही वाट अगदीच अनोळखी वाटू नये.

गॅरी स्पीडचा जन्म ८ सप्टेंबर १९६९ रोजी फ्लिंटशर परगण्यातील मँकॉट या गावी झाला. हा भाग वेल्सच्या ईशान्य टोकाचा, इंग्लंडच्या सरहद्दीला लागून. जवळच हार्डन हे गाव आहे. चार वेळा ब्रिटनचे पंतप्रधान झालेले ग्लॅडस्टन तेथेच राहत आणि १८९८ साली तेथेच वारले. सरहद्दीवरच्या या मुलखात कानांवर पडते ती मुख्यतः इंग्रजी. लिव्हरपूल शहर हाकेच्या अंतरावर. म्हणून मुलांचा जीव तिकडच्या क्लबांत गुंतलेला. लहानपणी स्पीड घरोघर वर्तमानपत्रे टाकीत असे आणि त्याच्या गिऱ्हाइकांत एव्हर्टन व वेल्स या दोन्ही संघांचा कर्णधार केव्हिन रॅटक्लिफ हाही होता. मुलगा स्वतः एव्हर्टनचा भक्त. ज्याच्या दारात आपण रोज वर्तमानपत्र टाकतो त्याचेच छायाचित्र त्या पत्राच्या शेवटच्या पानावर असावे, यापरते आमिष त्या वयात दुसरे कोणते असणार?

पहिली नेमणूक मात्र लीड्समध्ये झाली. तेथे उमेदवारी करून मे १९८९ मध्ये तो पहिला लीग सामना खेळला. लीड्सचा जुना दबदबा त्या वेळी ओसरून संघ दुसऱ्या श्रेणीत पडलेला होता आणि हॉवर्ड विल्किन्सन हे शिस्तीचे व्यवस्थापक त्याची नव्याने उभारणी करीत होते. १९९० साली लीड्सने दुसऱ्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळवून वरची पायरी गाठली आणि अवघ्या दोन वर्षांत, १९९१-९२ च्या हंगामात, पहिल्या श्रेणीचे अजिंक्यपदही जिंकले. पुढच्याच हंगामापासून प्रीमियर लीग अस्तित्वात आली. म्हणजे जुन्या व्यवस्थेचा हा शेवटचा विजेता संघ. त्याची मधली फळी इंग्लंडच्या क्रीडेतिहासात नावाजली गेली आहे. त्या फळीत गॉर्डन स्ट्रॅकन व गॅरी मॅकॅलिस्टर हे दोन स्कॉट, डेव्हिड बॅटी हा इंग्रज, आणि डाव्या बाजूला बावीस वर्षांचा हा वेल्श तरुण होता.

मधल्या फळीतल्या खेळाडूचे काम आमच्यासारख्या कारकुनांना चटकन समजावे. गोल करणाऱ्याचे नाव होते, गोल अडविणाऱ्याचेही होते. मधल्याने दोहोंकडे धावावयाचे असते. प्रतिपक्षाचा हल्ला आला की मागे, आपला हल्ला निघाला की पुढे, आणि चेंडू जवळ नसेल तेव्हाही आपल्या जागेचे भान. स्पीडचा डावा पाय चांगला होताच. पण त्याची खरी खासियत होती डोक्याने मारलेल्या चेंडूत. दूरवरून दौडत येऊन, नेमक्या क्षणी गोलासमोर उंच उडी घेण्याची त्याची हातोटी वादातीत होती. त्यात चमत्कार कमी आणि वेळेचा हिशेब अधिक. वयाने बराच मोठा असलेला स्ट्रॅकन खाण्यापिण्याचे कडक पथ्य पाळून खेळत होता. तो कित्ता या तरुणाने लवकर गिरविला व पुढे जन्मभर सोडला नाही.

१९९६ साली लीड्सचा संघ लीग कपाच्या अंतिम सामन्यात ॲस्टन व्हिलाकडून हरला. त्याच वर्षी ३५ लाख पौंडांच्या मोबदल्यात स्पीडची बदली झाली ती थेट बाळपणीच्या एव्हर्टनमध्ये. मनासारखे ठाणे मिळाले. नोव्हेंबरमध्ये साउदॅम्प्टनवरील ७-१ अशा विजयात त्याने एकट्याने तीन गोल केले, पुढे कर्णधारपदही मिळाले. आणि तरी फेब्रुवारी १९९८ मध्ये तो तेथून निघाला. का निघाला हे त्याने जाहीरपणे कधीच सांगितले नाही; सांगितल्याने क्लबाच्या नावाला बाध येईल, एवढेच त्याचे म्हणणे होते. ज्या प्रेक्षकांवर त्याचा लोभ होता त्यांचाच राग त्याने पत्करला. आपल्या नोकरीत बदलीची खरी कारणे कागदावर सहसा येत नाहीत हे आपण जाणतो. पण गप्प राहण्याची किंमत स्वतः मोजणारी माणसे थोडीच.

न्यूकॅसलने त्याच्यासाठी ५५ लाख पौंड दिले. लागोपाठ दोन वर्षे, १९९८ व १९९९ साली, न्यूकॅसल एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि दोन्ही वेळा दोन-दोन गोलांनी हरला. एकदा आर्सेनलकडून, एकदा मँचेस्टर युनायटेडकडून. पुढे बॉबी रॉबसन यांच्यासारख्या वडिलधाऱ्या व्यवस्थापकाच्या हाताखाली संघाला बरे दिवस आले. २००२-०३ मध्ये लीगमध्ये तिसरा क्रमांक मिळाला आणि युरोपच्या चँपियन्स लीगमध्ये पहिले तीन सामने हरूनही उरलेले तिन्ही जिंकून गटातून पुढे जाण्याचा पराक्रम झाला. पस्तिशीच्या उंबरठ्यावर, २००४ साली, तो बोल्टनला गेला. या वयात खेळाडू सामान आवरू लागतात. स्पीड आणखी साडेतीन वर्षे प्रथम श्रेणीत खेळला. डिसेंबर २००६ मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध त्याचा प्रीमियर लीगमधील पाचशेवा सामना झाला. पाचशेचा टप्पा गाठणारा तो पहिलाच. एकूण ५३५ सामन्यांचा त्याचा उच्चांक पुढे इतरांनी मोडला. परंतु पहिलेपण मोडता येत नाही. २००८ च्या प्रारंभी शेवटचे ठाणे मिळाले ते शेफील्ड युनायटेड. तेथे दुखापतीने खेळ थांबला, मग तो तेथेच शिक्षक व २०१० च्या ऑगस्टमध्ये व्यवस्थापक झाला. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्याला एम. बी. ई. हा किताब दिला.

येथवर झाली ती चाकरी. आता स्वदेशाचा रकाना पाहू. तेथे यशाच्या नोंदी जवळजवळ नाहीतच. वेल्सने विश्वचषक स्पर्धा १९५८ साली स्वीडनमध्ये एकदा खेळली होती. उपान्त्यपूर्व सामन्यात सतरा वर्षांच्या पेलेच्या एकुलत्या एका गोलाने ती संपली. त्यानंतर प्रत्येक पिढीने दार ठोठावले आणि परत फिरली. स्पीड मे १९९० मध्ये कोस्टारिकाविरुद्ध पहिल्यांदा वेल्सकडून उतरला. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी कार्डिफमध्ये रुमानियाविरुद्ध विजय मिळाला असता तर १९९४ च्या विश्वचषकाची वाट खुली होती. सामना १-१ असा असताना स्पीडला पाडल्याबद्दल वेल्सला पेनल्टी मिळाली. सोबत्याने मारलेला चेंडू गोलाच्या आडव्या दांडीवर आदळला. रुमानियाने पुढे एक गोल केला आणि सारे संपले. दहा वर्षांनी, स्पीड कर्णधार असताना, रशियाविरुद्धच्या दोन निर्णायक सामन्यांपैकी मॉस्कोतला बरोबरीत सुटला व कार्डिफमधला एका गोलाने गेला. युरोपीय स्पर्धाही हुकली. २००४ मध्ये त्याने देशासाठी खेळणे थांबविले तेव्हा ८५ सामने व ४४ वेळा कर्णधारपद एवढी जमा होती. मोठी स्पर्धा एकही नाही. तरीसुद्धा चौदा वर्षे बोलावणे आले की तो जात राहिला, ही गोष्ट आम्हांला ५३५ या आकड्याहून मोठी वाटते.

डिसेंबर २०१० मध्ये त्याला वेल्सचा व्यवस्थापक नेमण्यात आले. आरंभ वाईट झाला. आयर्लंड, इंग्लंड, स्कॉटलंड यांच्याकडून पराभव झाले आणि ऑगस्ट २०११ मध्ये जागतिक क्रमवारीत वेल्स ११७ व्या स्थानी, म्हणजे आजवरच्या तळाला गेला. पण स्पीडने गडबड केली नाही. वीस वर्षांच्या ॲरन रॅम्झीला त्याने कर्णधार केले. खेळाडूंची प्रकृती, विश्रांती व सराव यांची व्यवस्था शास्त्रशुद्ध केली. मायदेशीच्या ओशान रॉबर्ट्स यांना साहाय्यक म्हणून घेतले. याच व्यवस्थेचा एक भाग म्हणजे राष्ट्रगीत. इव्हान जेम्स व जेम्स जेम्स या पितापुत्रांनी १८५६ साली पाँटिप्रीद येथे रचलेले हे गीत वेल्श भाषेत आहे, आणि संघातील कित्येक खेळाडू इंग्लंडात वाढलेले किंवा इंग्रजीभाषी मुलखातले. त्यांचे ओठ मैदानावर मिटलेलेच असत. सर्वांनी ते गीत शिकावे असा स्पीडने आग्रह धरला व त्यासाठी एका गायिकेची शिकवणी लावली. तो स्वतः सरहद्दीवरचा. भाषा हरवली की काय हरवते हे त्याला ठाऊक असावे.

गाण्याने गोल होत नाहीत, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. परंतु सप्टेंबरपासून चित्र पालटले. माँटेनिग्रो, स्वित्झर्लंड, बल्गेरिया हे संघ हरले. वेम्ब्लीवर इंग्लंडने केवळ एका गोलाने निसटता विजय मिळविला. १२ नोव्हेंबरला नॉर्वेवर ४-१ असा विजय झाला. दहा सामन्यांत पाच हार, पाच जीत. पण जिती बहुतेक शेवटच्या. वर्षअखेर क्रमवारीत वेल्स पहिल्या पन्नासांत आला होता आणि वर्षातील सर्वांत मोठ्या प्रगतीचा मान त्याला मिळाला.

तो पाहण्यास स्पीड उरला नव्हता. २६ नोव्हेंबर २०११ रोजी, शनिवारी, तो दूरचित्रवाणीवर नेहमीसारखा हसतमुख बोलताना लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो राहत्या घरी मृतावस्थेत आढळला. वय ४२. जानेवारीत अधिकृत चौकशी झाली. मृत्यू हेतुपूर्वक होता की अपघाताने, हे ठरविण्यास पुरावा पुरेसा नाही, असे चौकशी अधिकाऱ्याने नमूद केले. जेथे चौकशी थांबली तेथेच इतिहास लिहिणाऱ्यानेही थांबावे, तर्क लढवू नयेत, असे आम्हांला वाटते. एवढे मात्र म्हणता येईल, की हजेरीपटावर रोज सही करणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले आहे त्यासाठी कोणत्याही कचेरीत रकाना नसतो. शेजारच्या टेबलावरील माणसाला ‘कसे काय’ असे विचारून उत्तरासाठी क्षणभर थांबणे, एवढेच आपल्या हाती असते. आणि ते आपण पुष्कळदा करीत नाही.

दोन दिवसांनी लीड्सचा सामना नॉटिंगहॅमला होता. स्पीडचा सदरा ११ क्रमांकाचा. म्हणून अकराव्या मिनिटाला लीड्सच्या प्रेक्षकांनी त्याच्या नावाचे गाणे सुरू केले आणि अकरा मिनिटे ते थांबले नाहीत. पुढे २९ फेब्रुवारी २०१२ रोजी वेल्सने त्याच्या स्मरणार्थ सामना योजला तो कोस्टारिकाविरुद्धच, ज्यांच्याविरुद्ध तो पहिल्यांदा खेळला होता. सामना वेल्सने गमावला. राष्ट्रगीताच्या वेळी त्याचे दोन मुलगे संघाच्या रांगेत उभे होते.

त्याचा मित्र ख्रिस कोलमन याने पुढे संघ हाती घेतला. २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत वेल्सने बेल्जियमला ३-१ असे हरवून उपान्त्य फेरी गाठली. कर्णधारपदी नसला तरी रॅम्झी त्या यशाच्या अग्रभागी होता. ५ जून २०२२ रोजी कार्डिफमध्ये युक्रेनला हरवून, चौसष्ट वर्षांनंतर, वेल्स विश्वचषकाला पात्र ठरला. कतारमध्ये एक बरोबरी व दोन पराभव पदरी आले. हे सारे स्पीडने केले असे म्हणणे इतिहासाला सोडून होईल. पायाभरणीत त्याचा हात होता, हे मात्र ते यश मिळविणारेच सांगत आले आहेत.

आमच्या येथील मंडळाच्या गणेशोत्सवात काही मुलांना आरती रोमन लिपीत लिहून द्यावी लागते. गेल्या वर्षी यावरून बराच वाद झाला. असे लिहून देण्यापेक्षा न म्हटलेली बरी, असे आम्हीच त्या सभेत बोललो होतो. हा लेख लिहून झाल्यावर ते मत आम्ही मागे घेतले आहे. यंदाच्या प्रती करून देण्याचे काम आम्ही आपण होऊन पत्करले आहे, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांना अर्थ सांगण्याचेही.