मोडीचा हिशेब

दिवाळीच्या साफसफाईत यंदा माळ्यावरून आजोबांचा रेडिओ खाली उतरला. "घाल तो मोडीत," आई म्हणाली. पितळेचे पोचे आलेले पातेले असावे इतक्या सहजपणे! मी मात्र त्याच्याबरोबर जपून ठेवलेले परवान्याचे पुस्तक चाळीत बसलो. वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल, रेडिओ बाळगावयाचा तर पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे. १९८०च्या दशकात तो उठला. म्हणजे यंत्र घरात आले याची नोंद सरकारदरबारी होती. ते मेले तर विचारणारे कुणी नव्हते.

विचारणा झाली ती फार उशिरा. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम केंद्राने २०११ साली केले. १ मे २०१२ पासून ते अमलात आले. ज्याने वस्तू बनविली त्यानेच तिची अखेरची व्यवस्था लावावी, हा त्यांतला नामी विचार. परंतु किती माल परत गोळा करावयाचा, याचा आकडाच नव्हता! तो २०१६च्या नियमांत आला आणि २०१८ साली सौम्य होऊन सुरुवातीपुरता १० टक्क्यांवर उतरला. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या नियमांनी आरंभच ६० टक्क्यांनी केला, नि वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर नेली. टीव्ही, फ्रीज पहिल्यापासून यादीत होते. बिचाऱ्या रेडिओची वर्णी आता लागली.

कचऱ्यातून धातू काढणे कोल्हापूरला नवे नाही. सोनारांच्या दुकानांतली धूळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी गुजरीला परिचित आहेत. भंगारवाला तरी दुसरे काय करतो? फरक इतकाच, की यंत्राच्या डाकात शिसे असते, आणि तारेवरचे प्लॅस्टिक जळताना निघणारा धूर छातीत जातो. अशा कामगारांची नोंदणी नि प्रशिक्षण राज्य सरकारने करावे, असे कलम नियमांत आहे खरे. पण कारखान्याचा दाखला आणि हातगाडी यांत अंतर फार.

परवा दारी आलेल्या भंगारवाल्याला मी विचारले, "याचं काय करणार?"

"तार जाळायची, तांबं काढायचं. दुसरं काय, मास्तर?"

गाडीला हात लावून त्याचा मुलगा उभा होता. सातवीत, माझ्याच वर्गात आहे.

रेडिओ पुन्हा माळ्यावर गेला. आई अजून धड बोलत नाही.