तळिये : गावाचा इतिहास कोठून सुरू होतो?

महाड तालुक्यातील तळिये गावाची कोंढाळकरवाडी २२ जुलै २०२१ रोजी दरडीखाली गेली. ८०हून अधिक माणसे दगावली. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथेही दरडी कोसळल्या होत्या. बाहेरच्या महाराष्ट्राला ही गावे कळली ती मृतांच्या आकड्यांतून.

वालिद खालिदी यांनी १९९२ साली, १९४८च्या सुमारास ओस पाडल्या गेलेल्या ४१८ पॅलेस्टिनी गावांची नोंद ग्रंथरूपाने सिद्ध केली. तीत घरे, जमिनी, पिके आहेत. तेथे माणसांनी माणसांना हुसकावले, येथे डोंगर खचला. कारणे एक नव्हेत. परंतु पुनर्वसन घर देते. भातखाचरांची, वरकस जमिनींची, पाणवठ्यांची नावे देत नाही. ती सांगणारे हयात आहेत तोवर लिहून घेणे, हे इतिहासाचेच काम होय.