रिकामा तंबू

नारायणगाव म्हटलं की आमच्या ऑफिसातल्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक टोमॅटोचा बाजार आणि दुसरी खोडदची दुर्बीण. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० अँटेना पाहायला विज्ञान दिनाला मीही दोनदा गेलोय (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार). पण जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो सांगेल, नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी.

गुढीपाडव्याच्या आसपास इथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, राहुटीत बसून तारीख आणि रक्कम ठरवतात आणि सुपारी देऊन जातात. चैत्रातल्या यात्रांचा सगळा व्यवहार हा असा. आपल्या भाषेत सांगायचं तर फिक्स्ड बिड प्रोजेक्ट! समोर दहा माणसं बसोत नाहीतर दहा हजार, पैसे ठरलेले. गावकऱ्यांना खेळ फुकट.

याच्या उलट तंबूचा तमाशा. दसऱ्यापासून साधारण चैत्रापर्यंत मोठे फड स्वतःचा तंबू घेऊन फिरतात आणि तिकीट लावतात. शंभरेक माणसं, ट्रक, जनरेटर, रोजचं जेवण, जागेचं भाडं, परवानग्या, सगळं मालकाच्या डोक्यावर. त्यात कलाकारांना हंगामाआधी उचल दिलेली असते, तीही बऱ्याचदा कर्ज काढून. पाऊस आला, शेजारच्या गावात कुस्त्या ठेवल्या, कांद्याचा भाव पडला, की पहिला फटका तिकिटाच्या खिडकीला.

गेल्या हिवाळ्यात मंचरच्या पुढे रस्त्याकडेला असाच एक तंबू दिसला म्हणून मी आणि एक मित्र आत शिरलो. फडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोन हजार माणूस सहज मावेल एवढी जागा आणि आम्ही धरून साठ-सत्तर जण. त्यातही दहा-बारा पोरं फक्त मोबाइलवर शूटिंग करायला आलेली. मला वाटलं, रद्द करतील. पण ढोलकी वाजली, गण झाला, गवळण झाली, मावशी आली आणि तिने मोकळ्या सतरंज्यांकडे बघून असा काही टोमणा मारला की आम्ही सत्तर जण सातशेंसारखे हसलो. पुढे हिंदी गाण्यांवर नाच. वग मात्र अर्ध्या तासात गुंडाळला.

मित्र म्हणाला, "लोकांना आता हे नको असेल, टीव्ही आहे, मोबाइल आहे." एवढं सोपं नाहीये ते. वग हा तमाशाचा कणा, पण त्याची जागा शेवटची. पूर्वी तो मध्यरात्रीनंतर सुरू व्हायचा आणि उजाडेपर्यंत चालायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद केला. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे नियम कडकपणे पाळायला सांगितलं. नियम चांगलाच आहे, माझ्या सोसायटीत मीच तो दाखवत असतो. पण तमाशात त्याने नेमका शेवटचा भाग कापला. आणि ज्या कथेसाठी माणूस रात्रभर बसायचा तीच उरली नाही, तर नुसती गाणी तो घरीच बघणार ना?

मग नोव्हेंबर २०१६. ऐन हंगामात नोटा बंद, आणि तिकिटाची खिडकी म्हणजे शंभर टक्के रोखीचा धंदा. त्यानंतर २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला आला. देशभरातल्या लॉकडाउनचा तो पहिला दिवस होता. पुढच्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आणि दुसऱ्याच दिवशी रात्रीपासून राज्यात संचारबंदी. दोन वर्षं सुपाऱ्याच नाहीत, पण उचलीची कर्जं तशीच.

गंमत म्हणजे तमाशा पाहायला शहर कधीच नाही म्हणत नाही, फक्त तो पडद्यावर हवा. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदला दोन वर्षांहून जास्त चालला. 'पिंजरा', 'नटरंग' तर तुम्हीही पाहिलेच असतील.

नारायणगावच्या विठाबाईंची गोष्ट तर पुण्यातही सगळे सांगतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या फडातल्या भाऊंची ही मुलगी. १९६२ च्या युद्धात सीमेवरच्या जवानांपुढे फड घेऊन गेली, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. खेळ चालू असताना कळा आल्या, मागे जाऊन बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली. पोट दिसेना तेव्हा लोकांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला, असं सांगतात. आपण हे कलेवरच्या निष्ठेचं उदाहरण म्हणून ऐकतो. मला त्यात आधी दिसते ती सुट्टी नसलेली बाई. तंबू भरलेला होता तेव्हाची ही अवस्था! जानेवारी २००२ मध्ये ती गेली. शेवटची वर्षं हलाखीची, आजारपणाच्या खर्चाला लोकांनी मदत केली. २००६ पासून राज्य सरकार तिच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतंय.

त्या रात्री खेळ संपल्यावर आम्ही बाहेर चहा घेत होतो. ढोलकीवाले काका शेजारीच बसले होते. धीर करून विचारलं, "एवढ्या कमी लोकांत खेळ कशाला केला?"

"तिकीट फाडलंय ना," ते म्हणाले. "आणि उद्या ओतूरला मुक्काम हाय. इथं खेळ केला न्हाई ही बातमी आमच्या आधी तिथं पोचंल."

मागे तंबू उतरवायला सुरुवात झाली होती. मगाचची मावशी, आता लुंगी आणि स्वेटरमध्ये, दोऱ्या सोडत होती.