होल्डनची शेवटची गाडी

२० ऑक्टोबर २०१७. ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळ एलिझाबेथला होल्डनच्या कारखान्यातून शेवटची गाडी बाहेर पडली. पहिली होल्डन १९४८ मध्ये खुद्द पंतप्रधान चिफलींनी लोकांपुढे आणली होती. फोर्डचा कारखाना २०१६ मध्येच बंद झाला होता, टोयोटाचा त्याच ऑक्टोबरात.

भांडण त्याआधीच पेटलं होतं. एक बाजू म्हणे, युनियनने आणि पगारांनी कारखाने बुडवले, सरकारने किती पैसे ओतायचे? डिसेंबर २०१३ मध्ये अर्थमंत्री जो हॉकी यांनी राहायचं की जायचं ते सांगा, असं होल्डनला संसदेत सुनावलं. दुसऱ्याच दिवशी कंपनीने जायचं जाहीर केलं!

दुसरी बाजू म्हणे, आधी नफा परदेशी नेऊन कर चुकवणाऱ्या कंपन्यांना धरा. २०१५ मध्ये करखात्याने यादीच छापली. दीड हजारावर बड्या कंपन्यांपैकी ३८ टक्क्यांनी २०१३-१४ चा कर भरला नव्हता. लगेच ओरड, सगळे चोर! पण त्यात खरोखर तोट्यातल्याही होत्या...

मला वाटतं, दोघांचंही थोडंथोडं खरं होतं. पण ऐंशीच्या दशकात ५७.५ टक्के असलेली आयात जकात २०१० पर्यंत ५ टक्क्यांवर आली, डॉलर महागला, बाजारपेठही छोटी, हे कोण बोलणार? जकातीला शिव्या घालून टाळ्या मिळत नाहीत.

असो. आपल्याकडे कारखाना बंद पडतो तेव्हा आपण तरी वेगळं काय करतो?