बोरीबंदरचा शिल्पकार : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स



आपल्या अल्लीपूरचा माणूस मुंबईला निघाला की आधी वर्धा गाठतो. तेथून रात्रभराचा प्रवास करून तो ज्या स्थानकावर उतरतो, त्याला आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी मात्र 'बोरीबंदर' आणि 'व्ही. टी.' हीच नावे होती. गाडीतून उतरून सामान सांभाळत आपण घाईने बाहेर पडतो. ही इमारत कोणी बांधली, तो माणूस कोठे शिकला आणि त्याच्या हाताखाली कोण होते, याचा विचार करायला सवड नसते. या लेखात तोच विचार करू.

प्रथम रेल्वेविषयी. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढे सह्याद्री आडवा आला. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट 37 फुटांना 1 फूट अशा चढणीने चढवावा लागला आणि तो मार्ग 1865 साली खुला झाला. दोनच वर्षांनी, 1867 साली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ वर्ध्यावरून नागपूरला पोहोचले. हिंगणघाटच्या नावाने ओळखला जाणारा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून महिनोन् महिने वाट तुडवीत मुंबईला जाई. तो आता आगगाडीने जाऊ लागला.

योगायोग असा की, त्याच 1867 साली विशीतला एक इंग्रज तरुण नोकरीसाठी हिंदुस्थानात आला. त्याचे नाव फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स.

स्टीव्हन्स यांचा जन्म 1847 साली इंग्लंडमधील बाथ या गावी झाला. 1862 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आतच, ते चार्ल्स डेव्हिस या वास्तुविशारदाकडे उमेदवारीला लागले. पाच वर्षे त्यांनी मोजमाप घेणे, नकाशे काढणे, दगडाची पारख करणे आणि खर्चाचा अंदाज बांधणे हीच तालीम घेतली. मग स्पर्धा परीक्षा देऊन ते सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. पहिली नेमणूक पुण्याला होती. लवकरच बदली होऊन ते मुंबईत आले. त्या वेळी फोर्टची जुनी तटबंदी पाडून तेथे नव्या शहराची उभारणी चालली होती. दहा वर्षे ते इतरांच्या हाताखाली आणि लहानमोठ्या जबाबदाऱ्यांवर काम करीत राहिले. खलाशांसाठी बांधलेले 'सेलर्स होम' हे त्यांचे पहिले नावाजलेले काम 1876 मध्ये पूर्ण झाले. पुढे त्याच वास्तूत महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आले.

रेल्वे कंपनीचा कारभार आता फार वाढला होता आणि बोरीबंदरचे जुने स्थानक अपुरे पडत होते. नव्या स्थानकाचे आणि मुख्य कचेरीचे काम तिशीच्या स्टीव्हन्स यांच्याकडे आले. या कामासाठी सरकारने त्यांची सेवा रेल्वेला दिली. त्यांनी लगेच नकाशा काढायला घेतला नाही. काही महिन्यांची रजा घेऊन ते युरोपला गेले आणि तेथील मोठी स्थानके त्यांनी डोळ्यांखाली घातली. म्हणजे दहा वर्षांच्या अनुभवानंतरही ते पुन्हा विद्यार्थी झाले!

1878 साली काम सुरू झाले आणि 1888 मध्ये पूर्ण झाले. मध्यंतरी, 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्थानकाला तिचे नाव दिले गेले. कचेरीच्या इमारतीला सुमारे 16 लाख रुपये लागले. मधोमध फासळ्यांचा अष्टकोनी दगडी घुमट असून त्याच्याखाली भव्य जिना आहे. या जिन्याच्या पायऱ्या एका टोकाने भिंतीत रोवलेल्या आहेत. दुसऱ्या टोकाला खालून खांबाचा आधार नाही. ही नुसती शोभा नव्हे, त्यामागे वजनाचे आणि ताणाचे चोख गणित आहे. 2004 साली युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

परंतु वाचकहो, इतकी मोठी इमारत एका माणसाच्या हातून उभी राहत नाही. स्टीव्हन्स यांचे सहायक अभियंता होते सीताराम खंडेराव वैद्य आणि पर्यवेक्षक होते एम. एम. जनार्दन. भिंतींवरची पाने, फुले, पक्षी, प्राणी यांचे कोरीव काम मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. ही शाळा 1857 साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून निघाली होती. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती ज्यांनी विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्या, ते जॉन ग्रिफिथ्स या मुलांचे गुरू होते. एका व्यापाऱ्याने शिक्षणासाठी पैसा दिला आणि तीस वर्षांनी त्या पैशाचे फळ बोरीबंदरच्या दगडावर उमटले.

सीताराम वैद्य यांची गोष्ट तर विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुंबईचे प्रसिद्ध ताजमहाल हॉटेल 1903 साली उघडले, त्याच्या मूळ आराखड्यावर वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांची नावे आहेत. पुढे ते काम चेंबर्स या वास्तुविशारदाने पुरे केले. डेव्हिसपाशी स्टीव्हन्स शिकले. स्टीव्हन्स यांच्यापाशी काम करता करता वैद्य तयार झाले. हुनर असाच उस्तादाकडून शागिर्दाकडे जातो. मात्र हेही खरे की, वैद्य यांचे नाव आज थोड्यांनाच ठाऊक आहे. ज्या पाथरवटांनी, गवंड्यांनी आणि डोक्यावरून माल वाहणाऱ्या मजुरांनी दहा वर्षे घाम गाळला, त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत. हात त्यांचे होते, नकाशा वाचण्याची विद्या मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचू दिली गेली नव्हती.

1884 साली स्टीव्हन्स यांनी सरकारी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय मांडला. मुंबई महानगरपालिकेची इमारत त्यांनी 1893 मध्ये पूर्ण केली. चर्चगेटजवळची दुसऱ्या रेल्वे कंपनीची मुख्य कचेरीही त्यांचीच. 1900 साली मुंबईतच हिवतापाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे बावन्न वर्षांचे होते.

बोरीबंदरासमोर अंजुमन-ए-इस्लामची इमारत उभी आहे. ही संस्था 1874 साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापिली आणि तिची ही वास्तू 1893 मध्ये तयार झाली. एका बाजूला रेल्वेचा राजवाडा, तर दुसऱ्या बाजूला समाजाच्या मुलांची शाळा. त्या काळच्या धुरीणांनी ओळखले होते की, अशा इमारतींत केवळ हमाल म्हणून शिरायचे नसेल, तर मुलांना शाळेत घातले पाहिजे.

पालकांनो, आपल्याही घराघरांत हुनर आहे. कोणी गवंडी आहे, कोणी सुतार, कोणी मोटारीचा मिस्त्री. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की त्याला कामाला जुंपावे, असा मोह होतो, आणि घरची ओढाताण पाहता तो समजण्यासारखाही आहे. पण शाळा सोडून शिकलेला हात दुसऱ्याच्या नकाशावर चालतो. शाळा शिकून तोच हात आय. टी. आय.मध्ये किंवा तंत्रनिकेतनात गेला, तर उद्या तो स्वतः नकाशा काढील. चित्रकलेचा तास म्हणजे वेळेचा अपव्यय, असे समजू नका. एलिमेंटरी आणि इंटरमीडिएटच्या परीक्षांना मुलांना बसवा. मुलींनाही बसवा; स्टीव्हन्सच्या काळी त्यांना बंद असलेले हे दार आज उघडे आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी मुंबईला गेलात तर स्थानकाबाहेर येऊन पाच मिनिटे थांबा. त्या घुमटाकडे आणि दगडातल्या पानाफुलांकडे नीट पाहा. वहीत त्यातले एखादे पान काढून आणा आणि आपल्या शिक्षकांना दाखवा.