नव्याचा सण आणि दहाची मोजणी



ठाण्याचं टेंभी नाका म्हटलं की आपल्याला नवरात्रातली देवी आठवते. त्याच भागात एक जुनं प्रार्थनाघर आहे, 1879 साली बांधलेलं. त्याचं नाव शआर हाशमाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. हे आपल्या ज्यू बांधवांचं, बेने इस्राएल समाजाचं सिनेगॉग. त्यांचं नवं वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, अमावस्या सरली की सुरू होतं. कधी कधी ते थेट घटस्थापनेलाच येतं. 2022 साली 26 सप्टेंबरला तसंच झालं. एकीकडे घट बसत होते आणि जवळच मेंढ्याच्या शिंगाचा शोफार फुंकून नवं वर्ष सुरू होत होतं.

मूठभर माणसांचा हा समाज शेकडो वर्षं एकमेकांना धरून कसा राहिला, ते आज पाहू.

त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. मग ही मंडळी कोकणातल्या गावांमध्ये पसरली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. गावावरून आडनावं पडली : दिवेकर, केहिमकर, पेणकर, नवगावकर. बोली मराठी, नेसणं लुगडं, पण शनिवार काही सुटला नाही.

पुढे दाविद राहाबी नावाचे एक जाणकार ज्यू गृहस्थ कोकणात आले. हे लोक खरंच आपले का, ही त्यांना शंका. परंपरा सांगते की त्यांनी परीक्षेसाठी पोथी काढली नाही. त्यांनी बायकांपुढे सरमिसळ मासे ठेवले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी ज्यांना पर आणि खवले नाहीत असे मासे लगेच बाजूला काढले. म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. ज्यू धर्माचा नियम तोच आहे. तो नियम पोथीशिवाय टिकला होता, बायकांच्या विळीपाशी.

मग राहाबींनी झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना धर्माचं शिक्षण दिलं. त्यांना काझी म्हणत. हे काझी गावोगाव फिरत, लग्नं लावत, तंटे सोडवत. आपल्या सीआरपी ताई जशा या पाड्यावरून त्या पाड्यावर जातात, तसंच काहीसं म्हणा ना. एका गावात दोन घरं, दुसऱ्यात चार. कुणीतरी फिरल्याशिवाय ती घरं एकमेकांची राहिली नसती.

आता त्यांच्या सणांची नावं ऐका. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात ही जुनी नावं आहेत. वर्षाचा पहिला दिवस म्हणजे 'नव्याचा सण'. त्यानंतर 'खिरीचा सण', त्यात नवं धान्य नारळाच्या रसात शिजवायचं. दहाव्या दिवशी कडक उपास, दारं लावून घरात बसायचं, तो 'दारफाळणीचा सण'. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. त्या दिवशी गरिबांना दान द्यायचं आणि सगेसोयऱ्यांना भेटायला जायचं. आणखी एका उपासाला 'बिरड्याचा रोजा' म्हणत, कारण त्या वेळी वालाचं बिरडं व्हायचं.

ही सगळी नावं घरातली आहेत. कुणाला अक्षर येत नसलं तरी खीर आणि बिरडं सगळ्यांना कळतं. आदल्या दिवशी दार लावून बसलेली माणसं दुसऱ्याच दिवशी एकमेकांच्या दारात जातात, हेही बघा. भेटीला दिवसच ठरवून दिला, मग ती आठवणीवर आणि सवडीवर राहत नाही.

पुढे इंग्रजांच्या काळात गावं सुटू लागली. कुणी पलटणीत गेलं, कुणी सरकारी कचेरीत, कुणी रेल्वेत. 1853 साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आणि 1854 साली कल्याणपर्यंत गाडी आली. त्याआधीच, 1796 साली, सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं होतं. मग अलिबाग, पनवेल आणि ठाण्यातही झाली. हिब्रू शिकण्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही हात लागला. जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. समाजाने स्वतःही छापखाना हाती धरला. 1874 साली पुण्यात वल्हांडणाच्या प्रार्थनेचं हिब्रू-मराठी पुस्तक निघालं. त्यातल्या चित्रात बायका साड्या नेसून, खाली बसून सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात.

मुलींच्या शिक्षणातही हा समाज पुढे होता. रेबेका रूबेन 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या आल्या. पुढे 1922 ते 1950 त्या मुंबईच्या सर एली कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

1948 साली इस्राएल देश झाला, तेव्हा भारतात वीस हजारांहून जास्त बेने इस्राएल होते. पुढच्या काही दशकांत बहुतेक जण तिकडे गेले. तिथेही त्यांना 'तुम्ही खरे ज्यू का' हे ऐकावं लागलं. त्यांनी धरणं धरलं आणि 1964 साली तिथल्या संसदेने त्यांचा पूर्ण हक्क मान्य केला. आज भारतात सगळे ज्यू मिळून चार-पाच हजारांच्या आसपास आहेत. मुंबईत घरं महाग झाली तशी बरीच कुटुंबं ठाण्याकडे सरकली, त्यामुळे टेंभी नाक्याचं सिनेगॉग आजही गजबजतं.

पण कोकणातल्या जुन्या सिनेगॉगांची गोष्ट वेगळी आहे. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा जण लागतात, जुन्या रिवाजाने दहा पुरुष. नऊ जमले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. गावात दोन-तीनच घरं उरली की दहावा माणूस आणायचा कुठून? म्हणून सणाला एका गावची माणसं दुसऱ्या गावी जातात. 'या वेळी येणार ना?' हा प्रश्न तिथे नुसता आग्रहाचा नसतो.

आणि मला टोचलं ते इथेच. मासे निवडले बायकांनी. नव्या वर्षाला नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा घोटतात त्याही बायकाच. तो तासन्‌तास ढवळायचा असतो, एकटीचं काम नव्हे, म्हणून शेजारपाजारच्या जमतात. तिथेच कुणाचं लग्न ठरतं, कुणाचं दुखणं कळतं. इस्राएलला गेलेल्यांमध्येही मराठी गाणी गाणाऱ्या बायका आहेत, तिथे 'मायबोली' नावाचं मराठी मासिक निघालं. मग दहाच्या मोजणीत या बायका कुठे? काही देशांत आता बायकांनाही मोजणारी सिनेगॉग आहेत. आपल्याकडच्या जुन्या रिवाजात अजून नाही. त्यांचा निर्णय त्यांनी घ्यायचा. पण इतिहास वाचणाऱ्या आपण तरी त्यांना मोजू या.

आपल्या बचत गटालाही साधारण दहा जणी लागतात. कुणी लग्न होऊन जाते, कुणी कामासाठी भिवंडी-कल्याणला राहायला जाते, संख्या घटते आणि वहीत नुसती 'गैरहजर' ही नोंद राहते. येत्या पाडव्याआधीच्या बैठकीत दोन गोष्टी करा. गट सोडून गेलेल्यांची नावं वाचा आणि त्यांच्याकडे कुणी जायचं, ते नावानिशी ठरवून इतिवृत्तात लिहा. आणि तुमच्या पाड्यावरच्या सणांची जुनी नावं, त्या दिवशीचे पदार्थ, म्हाताऱ्या बायांना विचारून वहीत उतरवून घ्या. पोथ्या बुडाल्यावर एका समाजाला एवढ्याच गोष्टींनी तारलं होतं.