मनगटाची फिरकी

जुन्नर-आंबेगावकडच्या मैदानावर मर्यादित षटकांचा सामना चालला आहे. एखादा पोरगा मनगटाच्या झटक्यानं लेगस्पिन टाकतो. दोन षटकार बसले, की कप्तान ओरडतो, "बस्स कर!" इथंच आपलं चुकतं, मंडळी.

१९५८ साली कानपूरच्या कसोटीत मुंबईच्या सुभाष गुप्ते यांनी वेस्ट इंडीजचे एका डावात ९ गडी टिपले, ते १०२ धावा मोजून! एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने १९७१ साली सुरू झाले. तिथं धावांची काटकसर आली; पण १९९३ च्या हीरो कप अंतिम सामन्यात लेगस्पिनर अनिल कुंबळे यांनी वेस्ट इंडीजचेच ६ गडी अवघ्या १२ धावांत उडवले. गडी बाद करणं, हीच खरी काटकसर.

तेव्हा त्या पोराला तिसरं षटक द्याच. मनगट एका हंगामात घडत नाही.